रघुचं लोटांगण

लालबागमध्ये राहायचं आणि ‘गणपती बाप्पा’ हे दोन शब्द कानावर पडले की दरदरून घाम फुटायचा, अशा माणसाने करायचं काय? रघु तळवडेकरकडे याचं उत्तर नव्हतं. बाकी सगळ्या लालबागकडे होतं, आणि प्रत्येकाकडे वेगळं होतं.

बाप्पाशी त्याचं काही वाकडं नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर निम्मी माणसं इथूनच त्याचा पत्ता शोधत निघतील. घरातल्या फळीवर मूर्ती होती. आंघोळ झाली की तो तिला हात जोडायचा, मिळाल्या तर दूर्वा वाहायचा. तोंडातून अक्षर न काढता. मूर्तीची त्याबद्दल कधी तक्रार आली नाही. भानगड होती ती ओरडण्याची. एकाने ‘गणपती बाप्पा’ म्हणायचं आणि शंभर जणांनी ‘मोरया’ म्हणून उत्तर द्यायचं. त्या दोघांच्या मधल्या अर्ध्या श्वासात रघुच्या तोंडात चुन्याची चव यायची, डोळ्यांपुढे काळोख व्हायचा आणि डावा हात आपोआप बाजूला चाचपायला लागायचा. तिथे कोणीतरी असल्यासारखा.

तिथे कोणीतरी होतं. दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका दुपारी.

रघुची चाळ तेव्हा उभी होती. तळमजल्याच्या गाळ्यात कुठल्याशा बिल्डरच्या मेहुण्याला फर्निचरचं शोरूम काढायचं होतं आणि एक भिंत मधे येत होती. सोफा बाहेरून दिसायला पाहिजे ना! पाडली भिंत. त्या भिंतीच्या डोक्यावर तीन मजले टेकलेत, हे बघायला कोणाला वेळ नव्हता. चाळीची मागची बाजू बसली. रघु माटुंग्याच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट. कॉलेजला सुट्टी, म्हणून घरी. शेजारच्या शेवंतीमावशीने पंख्याचा रेग्युलेटर बघायला बोलावलं म्हणून स्क्रूड्रायव्हर घेऊन गेला होता. दोघं एकाच स्लॅबखाली सापडले. रघु वाचला. मावशी गेली.

शेवंतीमावशी ही कोंडीरामची आई. आणि कोंडीराम म्हणजे चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचा अध्यक्ष, रघुचा गोट्या खेळण्यापासूनचा दोस्त, आणि माईकशिवाय ज्याचा आवाज भारतमाता टॉकीजपर्यंत जातो म्हणून मंडळाला ज्याचा अभिमान, तो माणूस.

आता त्या दुपारची गोष्ट दोन प्रकारची आहे. एक फ्लेक्सवर छापलेली, एक झालेली.

फ्लेक्सवरची अशी: चाळ पडली, मंडळाचे कार्यकर्ते जिवाची पर्वा न करता ढिगाऱ्यावर चढले, त्यांनी बाप्पाचा अखंड गजर सुरू केला, त्या गजराने आत अडकलेल्यांना बळ दिलं, आणि रघुनाथ तळवडेकर साक्षात मृत्यूच्या दाढेतून परत आले. खाली मंडळाचं नाव, वर कुठल्याशा नेत्याचा हात जोडलेला फोटो. नेता त्या दिवशी परदेशात होता, पण फोटो वेळेवर आला.

झालेली गोष्ट रघुला अर्धी माहीत होती. उरलेली अर्धी त्याला अभयने सांगितली. अभय पलीकडच्या चाळीतला, इलेक्ट्रिशियन, शाळेपासूनचा यार. त्या दिवशी तो बाहेर पहार घेऊन उभा होता.

“अरे, तो फायर ब्रिगेडचा साहेब बिचारा हात जोडत होता,” अभय म्हणाला. “त्याच्याकडे मशीन होतं, आतला आवाज ऐकायचं. भोंग्यावर सांगत होता, सगळे शांत रहा, आतून कोण हाक मारतंय का बघू दे. झाले सगळे शांत. कावळा ओरडला तरी ऐकू येत होतं. आणि मग कोंड्याला काय झालं काय माहीत. चढला एका तुळईवर आणि सुरू. गणपती बाप्पाऽऽ! त्याच्यामागे सगळी पोरं. साहेब परत आला. म्हणाला, भाऊ, प्लीज. तर कोंड्या म्हणतो, बाप्पाचं नाव घेतोय साहेब, तमाशा नाही करत. लालबागमध्ये येऊन आम्हाला गप्प बसवता? कुठल्या गावचे तुम्ही?”

“मग?”

“मग काय? पब्लिक साहेबावरच चिडलं. तो मशीन घेऊन बाजूला बसला. कोणाच्या आईचं काय चाललंय आत, आणि इथे...” अभय थांबला. कोणाची आई आत होती ते त्याला आठवलं.

“आणि मी कसा सापडलो?”

“पोरांचे घसे बसले. कोणीतरी वडापाव आणले. पोरं खायला खाली उतरली, तेव्हा शांत झालं. साहेबाने मशीन लावलं, तू आत ठोकत होतास.”

स्क्रूड्रायव्हरने पाइपावर. ते रघुला आठवत होतं. म्हणजे हिशेबाने बघायला गेलं तर रघुला वडापाववाल्याने वाचवलं. त्याचा सत्कार कोणी केला नाही. फ्लेक्सवर त्याचा फोटो नाही. वडा तळणाऱ्या माणसाच्या मागे तेजोवलय काढायचं म्हणजे डिझायनरला पण जड जातं.

पण या अर्ध्या गोष्टीने रघुला घाम फुटत नव्हता. घाम फुटत होता तो दुसऱ्या अर्ध्याने. आणि ती अर्धी फक्त त्याच्याकडे होती. मेघनाला, त्याच्या बायकोलासुद्धा त्याने सांगितली नव्हती.

आत, काळोखात, शेवंतीमावशी त्याच्या डाव्या हाताला होती. हात लावला की लागेल इतकी जवळ. जिवंत होती. पायावर काहीतरी पडलं होतं, छाती दबली होती, श्वास तुकड्यातुकड्याने येत होता. आणि बाहेरून लेकाचा आवाज आला, ‘गणपती बाप्पाऽऽ’.

आणि मावशी म्हणाली, “मोरया.”

पुन्हा आला. पुन्हा म्हणाली. रघु म्हणाला, “मावशी, गप्प रहा. दम संपेल. बाहेर ऐकू जात नाहीये.” तर म्हातारी त्यालाच ओरडली. “कोंड्या वरडतोय न्हवं? जबाब नको द्यायला? न्हाई दिला तर त्याला वाटंल आई मेली.”

ती देत राहिली. प्रत्येक हाकेला. बाहेर शंभर घसे ताजे होते, आत एक होता आणि त्यात चुना गेला होता. आधी आवाज गेला, मग फक्त ओठांची फटफट. मग बाहेर ‘गणपती बाप्पाऽऽ’ झालं आणि डाव्या बाजूने काहीच आलं नाही. रघुने हात चाचपला.

हे कोंडीरामला सांगायचं? सांगितलं तर कोंडीराम संपला. नाही सांगितलं तर रघु रोज थोडा थोडा संपत होता. दोघांतला एकच वाचणार, असं काहीतरी ते होऊन बसलं होतं. आणि लालबागमध्ये वर्षभर कोण ना कोण ते दोन शब्द ओरडतच असतं. टेम्पो पूल चढला, ओरडा. क्रिकेटची मॅच जिंकली, ओरडा. लिफ्ट बंद पडून चालू झाली, ओरडा.

इलाज सुरू झाले. मेघनाच्या आईने नारळ उतरवला. कॉलेजातल्या शंतनु सरांनी, जे फिजिक्स शिकवतात आणि मानसशास्त्राचे व्हिडिओ बघतात, त्याला स्टाफरूममध्ये बसवून इंग्रजीत आजाराचं नाव सांगितलं आणि नंतर सगळ्या स्टाफला पण सांगितलं. एका संस्थेने ‘आघातग्रस्तांसाठी मोफत समुपदेशन शिबिर’ भरवलं. त्यात एका मॅडमने सगळ्यांना डोळे मिटून समुद्रकिनाऱ्याची कल्पना करायला लावलं, बिस्किटं वाटली आणि बॅनर धरून फोटो काढला. फोटोत रघुचे डोळे मिटलेलेच आले. उरलेली चाळ पाडल्यावर बिऱ्हाडं गल्लीतल्याच एका जुन्या इमारतीत हलवली होती; तिथले पहिल्या मजल्यावरचे आप्पा म्हणाले, “आमच्या वेळी गिरणीत माणसाचा हात जायचा, दुसऱ्या दिवशी उरलेला हात घेऊन यायचा तो कामाला. हे तुमचे नवीन लाड.” आप्पा स्वतः फटाका वाजला की शिव्या देतात, पण तो विषय वेगळा.

एक डॉक्टरीण मात्र सरकारी दवाखान्यात बरी भेटली. तरुण होती. तिने नीट ऐकलं, मधे बोलली नाही, गोळ्या दिल्या. म्हणाली, “घाबरू नका, हे होतं, याच्यावर उपचार आहेत. वेळ लागतो. तोपर्यंत त्या आवाजापासून जरा लांब राहा. कुठे राहता?”

“लालबाग.”

तिने पेन खाली ठेवलं. “महिनाभर गावाला जाता येईल?”

“गाव कोकणात आहे, मॅडम.”

“मग?”

“तिथे तर घराघरात असतात.”

डॉक्टरीण हसली नाही, पण तिला फार कष्ट पडले.

शेवटी रघुने आपला इलाज आपणच शोधला. संध्याकाळी कॉलेजातून सुटला की तो अभयच्या चाळीमागच्या बुद्धविहारात जाऊन बसायचा. सतरंजी, पंखा, गार फरशी, कोणी काही विचारत नाही. अभय म्हणाला, “बस बिनधास्त. फक्त चौदा एप्रिलला येऊ नको. तेव्हा आमचा पण डीजे असतो, भिंती हलतात.”

ही बातमी चाळकऱ्यांत पोचायला वेळ लागला नाही. रघु धर्म बदलतोय. मंडळाच्या सेक्रेटरीने, स्वप्नीलने, ग्रुपवर नाव न घेता लिहिलं, ‘काही लोकांना बाप्पाने वाचवलं, पण त्यांना बाप्पाची लाज वाटते.’ खाली सत्तर अंगठे आणि तीन रागावलेली तोंडं. रघुने ते वाचलं आणि जेवायला बसला.

मग ती भाजीबाजारातली गंमत झाली. रघु कोथिंबीर घेत होता. मागून एका मंडळाच्या बाप्पाचा पाट, ज्यावर मूर्ती घडते तो, घेऊन टेम्पो आला. पोरांनी टेम्पोतूनच गजर टाकला, सगळा बाजार ‘मोरया’ म्हणाला, आणि रघुचे पाय गेले. तो पालथा पडला, भर रस्त्यात, दोन्ही हात पुढे, डोकं खाली. जसा स्लॅबखाली होता तसाच. डावा हात चाचपत होता तो एका जुडीला लागला आणि त्याने ती घट्ट धरली.

लोकांनी काय बघितलं? एक माणूस बाप्पाचा पाट बघून साष्टांग लोटांगण घालतोय, डोळ्यांतून पाणी वाहतंय, हातात हिरवा पाला आहे. एका बाईने त्याच्या पायांना हात लावून नमस्कार केला. एकाने व्हिडिओ काढला. टेम्पोतल्या पोरांनी त्याच्यावर फुलं टाकली आणि, मदत म्हणून, आणखी एकदा गजर केला.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ माहीमपासून मुलुंडपर्यंत गेला. ‘ढिगाऱ्यातून वाचलेल्या भक्ताचं लोटांगण, डोळे पाणावतील.’ ज्या स्वप्नीलने आदल्या आठवड्यात त्याला धर्मबुडवा ठरवला होता, त्यानेच तो हात जोडून फॉरवर्ड केला. आजारी माणूस इथे कोणाला नको असतो. भक्त मात्र सगळ्यांना पाहिजे असतो, आणि तोही कॅमेऱ्यासमोर पडलेला.

दुसऱ्या दिवशी कोंडीराम घरी आला. आल्याआल्या मेघनाला म्हणाला, “वहिनी, चहा टाका. तुमच्या नवऱ्याने नाव काढलं मंडळाचं.”

रघु खाटेच्या कडेला बसला होता. कोंडीराम त्याच्या बाजूला दणकन बसला. आई गेल्यापासून त्याचा आवाज कायमचा बसका झाला होता, तरी तो थांबत नव्हता. आवाज दणदणीत असला तरी आधी असा नव्हता तो. आधी आरतीला मागे उभा राहून झांजा वाजवायचा. आता सकाळी गॅलरीत येऊन ओरडायचा, वाढदिवसाला ओरडायचा, स्मशानातून परत येताना ओरडला होता. घरात टीव्ही बंद करू द्यायचा नाही. बायको म्हणायची, झोपेतसुद्धा बडबडतो. एकाला आवाज सहन होत नव्हता, दुसऱ्याला शांतता. पहिल्याला लालबागने पेशंट ठरवलं आणि दुसऱ्याला कायमचा अध्यक्ष.

“पाटपूजनाला तुझा सत्कार,” कोंडीराम म्हणाला. “शाल, श्रीफळ, मानपत्र. मी बोलणार, मग तू फक्त गजर द्यायचा. ‘गणपती बाप्पा’, बस. दोन शब्द. पब्लिक वेडं होईल.”

“मला नाही जमणार, कोंड्या.”

“का नाही जमणार? रस्त्यात लोटांगण घालतोस आणि स्टेजवर लाजतोस?”

“ते लोटांगण नव्हतं. मी पडलो.”

“तेच ते रे. भक्तीत माणूस पडतोच.”

मेघना चहा घेऊन आली. तिने कप ठेवताना नवऱ्याकडे बघितलं. ती थकली होती. दोन वर्षं हा माणूस मधेच जमिनीवर आडवा होतो आणि ती लोकांना सांगते, शुगर कमी झाली. “म्हणून टाका ना एकदा,” ती हळू म्हणाली. “म्हटलं की कदाचित सुटेल.”

कोंडीरामने रघुच्या मांडीवर थाप मारली. मग अचानक आवाज खाली आणून म्हणाला, “आईसाठी कर. तिच्यासाठीच दिला मी तो गजर त्या दिवशी. तुला ऐकू येत होता ना आत? तिला पण येत असेल ना रे?”

रघुने कपाकडे बघितलं. सगळं तोंडापर्यंत आलं होतं.

“येत होता,” तो म्हणाला.

कोंडीरामचा चेहरा असा उजळला की रघुने चहाचा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली.

पाटपूजनाची संध्याकाळ. गल्लीत मांडव, लाल गालिचा, पडलेल्या चाळीच्या जागेवर पत्र्याचं कुंपण आणि कुंपणावर रघुचा आठ फुटी फ्लेक्स, लोटांगण घातलेला. हातातली कोथिंबीर फोटोतून पुसून तिथे दूर्वा घातल्या होत्या. मेघना पुढच्या रांगेत. अभय मागे, टॅक्सीला टेकून, कारण रघुने सांगितलं होतं, तू ये.

स्वप्नील माईकवर. तो प्रत्येक वाक्यानंतर श्वास घ्यायचा आणि लोकांना वाटायचं आता टाळ्या वाजवायच्या. मग कोंडीराम उठला. त्याने ती दुपार सांगितली. भिंत, धूळ, ढिगारा, पोरं, गजर. साहेबाचा आणि त्याच्या मशीनचा भाग गाळला. तो त्याने स्वतःसाठी पण गाळला असावा, इतक्या सफाईने गाळला. “आम्ही थांबलो नाही!” तो ओरडला. “घसे फाटले, थांबलो नाही! माझी आई आत होती. मला माहीत होतं, तिला माझा आवाज पाहिजे. आणि हा बघा, हा रघु! बाप्पाचं नाव ऐकत हा जिवंत राहिला. हा देणार आता गजर!”

माईक रघुच्या हातात आला. समोर तोंडं. सगळी उघडी राहायच्या तयारीत. ‘मोरया’ प्रत्येकाच्या जिभेच्या टोकावर येऊन बसलेलं, फक्त वरून हुकूम यायचा बाकी. रघुच्या तोंडात चुना आला. डावा हात बाजूला गेला आणि कोंडीरामच्या झब्ब्याला लागला.

“दे,” कोंडीराम पुटपुटला. “दे ना रे.”

रघु म्हणाला, “त्या दिवशी आतून उत्तर येत होतं.”

एक क्षण काही कळलं नाही कोणाला. मग मागून कोणीतरी शिट्टी मारली, टाळ्या पडल्या. चमत्कार! यासाठीच तर लोक जमले होते.

“शेवंतीमावशी देत होती,” रघु म्हणाला. आवाज त्याचा नव्हताच, कोणीतरी दुसरं आतून बोलत होतं. “तुम्ही बाहेरून म्हणायचात, ती आतून मोरया म्हणायची. प्रत्येक वेळी. छातीवर लोखंड होतं. मी सांगत होतो, मावशी, गप्प रहा, दम वाचवा. ती म्हणाली, कोंड्या ओरडतोय, जबाब नाही दिला तर त्याला वाटेल आई मेली. तुम्ही थांबत नव्हता म्हणून ती थांबत नव्हती. तो साहेब शांत व्हा म्हणत होता ना, तेव्हा ती बोलत होती. ऐकू आली असती. मग तुम्ही सुरू केलंत. ती उत्तर देत देत गेली. मला गजर नाही देता येणार. माझं ऐकून ती परत उत्तर देईल असं वाटतं मला.”

त्याने माईक खाली केला. मांडवाच्या झालरीचा फडफडाट ऐकू यायला लागला. पुढच्या रांगेत मेघनाने तोंडावर पदर धरला होता.

आणि अशा वेळी जो गप्प बसू शकत नाही तो स्वप्नील. कार्यक्रम पडतोय हे त्याच्या लक्षात आलं. त्याने दुसरा माईक उचलला. “शेवंतीमावशी अमर रहे!” तो ओरडला. “हीच खरी भक्ती! शेवटच्या श्वासापर्यंत बाप्पाचं नाव! जोरात होऊ द्या, मावशीपर्यंत गेलं पाहिजे... गणपती बाप्पाऽऽ!”

आणि गल्लीने दिलं. ‘मोरया!’ रडत रडत दिलं, पण दिलं. रघु काय बोलला ते त्यांनी ऐकलं होतं की नाही, त्यांनाच ठाऊक.

रघु खाली बसला. गालिच्यावर, दोन्ही हात टेकून.

“गणपती बाप्पाऽऽ!” स्वप्नीलला सूर सापडला होता.

“गप्प बसा!”

हे माईकशिवाय आलं होतं आणि भारतमातापर्यंत गेलं असावं. कोंडीराम स्टेजच्या मधोमध उभा होता. चेहऱ्यावर काही नव्हतं, पुसल्यासारखा. “गप्प बसा रे,” तो परत म्हणाला, आता हळू. “कोणी बोलू नका. आई बोलतेय आतून. ऐकू द्या.”

कोणी हसलं नाही. साहेबाने दोन वर्षांपूर्वी भोंग्यावर हेच सांगितलं होतं. कोंडीराम स्टेजवरून उतरला, पत्र्याच्या कुंपणापाशी गेला, रघुच्या आठ फुटी फोटोला कान लावून उभा राहिला. गल्लीत श्वाससुद्धा वाजला नाही. शेजारच्या गल्लीतून दुसऱ्या मंडळाचा गजर आला, इकडच्या कोणी उत्तर दिलं नाही. मग अभय गेला आणि त्याला खांद्याला धरून घरी घेऊन गेला.

पुढच्या गोष्टी अपेक्षेप्रमाणे झाल्या. ग्रुपवर मेसेज आला, काही समाजकंटकांनी उत्सवात विघ्न आणलं, अध्यक्षांची प्रकृती बरी नसल्यामुळे स्वप्नील कार्याध्यक्ष. फ्लेक्स उतरवला गेला. आप्पा म्हणाले, रघुने असं चारचौघांत बोलायला नको होतं, घरात सांगायचं. तेच आप्पा घरात सांगितलं असतं तर म्हणाले असते, आता कशाला उकरायचं. दोन बायका येऊन मेघनाला म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याने त्या माणसाला जिवंत मारलं. मेघना म्हणाली, “आणि माझा दोन वर्षं मरत होता तेव्हा तुम्ही फोटो काढत होतात.” दार लावून घेतलं.

रघुला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. व्हिडिओंमध्ये तसंच सांगतात. काही हलकं वाटलं नाही. कोंडीरामच्या दारावरून जाताना तो मान खाली घालून जायचा. आतून टीव्हीचा आवाज येत नव्हता. तेच जास्त भीतीदायक होतं.

आगमनाच्या दिवशी दुपारी कोंडीराम रघुच्या दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, हातात कापसाची पुडी. आत आला, खाटेवर बसला, पुडी मधे ठेवली. मेघनाने दोघांकडे बघितलं आणि चहा टाकायला गेली.

“अजून काय म्हणाली?” कोंडीरामने विचारलं.

रघुने आठवून बघितलं. खोटं सांगायला सोपं होतं. तुझं नाव घेतलं, आशीर्वाद दिला, सुखाने गेली.

“रेग्युलेटर उलटा बसवलास म्हणाली,” रघु म्हणाला. “आत अडकल्यावर सुद्धा. म्हणाली, निघालो की आधी तो सरळ कर. आणि मला म्हणाली, तू पण लेका दमाने घे, तुझ्या तोंडाला वास येतोय.”

कोंडीरामच्या नाकातून हसू आलं आणि लगेच त्याचं भलतंच काहीतरी झालं. त्याने शर्टाच्या बाहीने तोंड दाबलं. रघुने त्याच्याकडे बघितलं नाही. खिडकीबाहेर बघत राहिला.

“त्या डॉक्टरणीकडे मला पण ने,” बाहीतूनच आवाज आला.

“नेतो. पण ती आधी पत्ता विचारेल.”

खाली ढोल सुरू झाले. गल्लीच्या तोंडाशी बाप्पा आला असावा. रघुने कापसाचे बोळे केले, दोन स्वतःच्या कानात घातले, दोन कोंडीरामला दिले. लालबागच्या ढोलापुढे कापूस काय करणार? स्वप्नीलचा आवाज भिंतीतून आत आला, ‘गणपती बाप्पाऽऽ’. कोंडीरामचं तोंड सवयीने उघडलं, ओठ जुळले, आणि तसेच राहिले. रघुला घाम फुटला. तोंडात चुना आला. डावा हात बाजूला गेला, चाचपला आणि एका राठ, गरम हाताला लागला.

“काय शोधतोयस?” कोंडीरामने विचारलं.

“काही नाही.”

“मग सोड ना हात. बायको बघतेय.”

“बघू दे,” रघु म्हणाला. “हा एक गजर जाऊ दे.”

बाहेर शंभर जणांनी उत्तर दिलं. खोलीत कोणी दिलं नाही.